दोष बोटांचा नव्हता

पावसाळा ओसरू लागला की आमच्या वसईच्या धर्मग्रामांतून गायकवृंदांच्या तालमींना हळूहळू रंग चढू लागतो. गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या अशाच एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो असता एक भगिनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. लग्न होऊन ती या धर्मग्रामात आलेली. पण तिचे माहेर मी जिथे दीक्षेनंतर प्रथम सहायक धर्मगुरू म्हणून काम केले, त्या गावचे. थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ती म्हणाली, "फादर, हिला गिटार शिकायची आहे. कोणती घ्यावी, ते सांगाल का?" आणि मग जरा थांबून हसत म्हणाली, "माझीही तुम्हीच आणून दिली होती ना!"

त्या हसण्यात तक्रार नव्हती. तरीही मला ते वाक्य रात्रभर टोचत राहिले.

ती गोष्ट १९९८ सालची. ही त्या वेळी आठवीत होती. गळा गोड, तालाची जाण पक्की. तिचे वडील केळीच्या वाडीवर राबणारे गृहस्थ. त्यांनी अकराशे रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "फादर, तुम्हाला त्यातले कळते." वास्तविक मला त्यातले फारसे कळत नव्हते. गोरेगावच्या सेमिनरीत एका सहाध्यायाकडून मी पाच-सहा कॉर्ड शिकलो होतो, एवढीच माझी पुंजी. मुंबईला जाऊन मी सर्वांत चकचकीत दिसणारी आणि त्या पैशांत बसणारी गिटार उचलली, चर्चगेटहून गाडी पकडली आणि मोठ्या दिमाखात ती तिच्या हाती दिली.

महिनाभरात तिच्या बोटांची टोके सोलवटून निघाली. "फादर, दुखते," असे ती म्हणे आणि मी तिला उपदेश करी. तपश्चर्येवाचून कला साध्य होत नाही. बोटांना घट्टे पडले की दुखणे आपोआप थांबते. तेव्हा नेटाने सराव कर. एफ् नावाच्या कॉर्डपाशी ती कायमची अडली. त्यात पहिल्या बोटाने पहिल्याच घरात सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. तिच्याकडून त्या कधी दबल्याच नाहीत. सहा महिन्यांनी तिने गिटार माळ्यावर टाकली. "माझ्या बोटांत संगीत नाही," असे ती म्हणाली आणि मीही मनोमन ते मान्य करून टाकले.

"ती जुनी गिटार अजून आहे का?" दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले. होती. धुळीने माखलेली, घोडीपाशी थोडी उचकटलेली. ती बरोबर घेऊन आम्ही तिघे एका शनिवारी मुंबईला निघालो. या खेपेस मात्र मी शहाणपणाने आमच्या गायकवृंदाच्या वृद्ध प्रमुखांनाही बरोबर घेतले. तरुणपणी बोटीवरच्या वाद्यवृंदात त्यांनी काही वर्षे गिटार वाजवलेली आहे.

मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावच्या बाजूला प्रथम आम्ही वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने जुनी गिटार उलटसुलट करून पाहिली. मानेच्या टोकाशी, खुंट्यांच्या खाली एक छोटी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा पुढे येतात. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "या खाचा नीट कापलेल्याच नाहीत. तारा इथेच एवढ्या उंच आहेत, तर पहिल्या घरात कोण दाबणार? आणि घोडीवरचे हे हाडही घासायला हवे होते. अर्ध्या तासाचे काम, फादर. नवी असतानाच कुणी आणली असती, तर लोण्यासारखी चालली असती."

अर्ध्या तासाचे काम! मी तिच्याकडे पाहिले नाही. पाहण्याचे धैर्य झाले नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन तासांत आमच्या प्रमुखांकडून आणि त्या कारागिराकडून जे मी शिकलो, ते १९९८ साली ठाऊक असायला हवे होते. आमच्या धर्मग्रामांतील पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे नमूद करतो.

शिकाऊ मुलासाठी गिटार निवडताना पहिली कसोटी आवाजाची नव्हे, तर तारांच्या उंचीची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांतील अंतर पोलादी तारांच्या गिटारवर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावे. नायलॉनच्या तारा अधिक डोलतात म्हणून तिथे तीन ते चार चालते. दुसरी कसोटी सुराची. बारावा पडदा म्हणजे तारेच्या लांबीचा बरोबर मध्य. तिथे तारेला बोट नुसते अलगद टेकवून छेडले की घंटेसारखा स्वच्छ नाद उमटतो. मग तीच तार तिथेच दाबून वाजवावी. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला, तर ते वाद्य मानेच्या वरच्या भागात कधीच सुरात बोलणार नाही. विद्यार्थी मात्र आपला कान कच्चा आहे असे समजत राहील. तिसरे, मान डोळ्यांच्या रेषेत धरून वाकडी नाही ना, हे पाहावे. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो. मान तो रात्रंदिवस पेलत असते.

तारा नायलॉनच्या की पोलादाच्या, हा प्रश्नही प्रत्येक घरी निघतो. नायलॉनच्या मऊ, बोटांना दयाळू. पण त्या गिटारची मान रुंद असते, सुमारे ५२ मिलिमीटर. पोलादी तारांच्या गिटारची ४३-४४च्या आसपास. शिवाय नायलॉनचा आवाज हळुवार, तर गायकवृंदाला आधार द्यायला पोलादाची धार लागते. कोवळ्या बोटांसाठी पोलादी ताराही पातळ घेता येतात. आकाराचेही तसेच. सर्वत्र दिसणाऱ्या भल्यामोठ्या पेटीच्या गिटारला 'ड्रेडनॉट' म्हणतात; हे नाव १९०६ सालच्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलेले आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या कुशीत युद्धनौका कशी मावणार? तिचा उजवा खांदा कानाला टेकतो.

मुलीसाठी तीन गिटारी आम्ही बाजूला काढल्या होत्या. तोवर आमचे प्रमुख आपल्यासाठी एक वाद्य पाहू लागले. निवृत्तीच्या पैशांतून आयुष्यात एकदा चांगली गिटार घ्यायची, अशी त्यांची जुनी इच्छा. जाणत्या वादकाची निवड कशी वेगळी असते, ते तेव्हा पाहायला मिळाले. ते किंमत विचारीत नव्हते, नक्षी पाहत नव्हते. एकच साधी धून प्रत्येक वाद्यावर वाजवीत आणि डोळे मिटून तिचा शेवट ऐकत. "फादर, स्वर सगळेच काढतात," ते म्हणाले. "तो विझतो कसा, ते ऐकायचे."

त्यांनी मला दर्शनी फळीचे माहात्म्य सांगितले. सतारीच्या भाषेत जिला आपण तबली म्हणतो, तीच गिटारचा कंठ. ती सलग स्प्रूस किंवा सीडर लाकडाची असेल, तर मोकळेपणी थरथरते. प्लायची असेल, तर ताठ राहते. आधुनिक गिटारला आजचे रूप देणारा स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोरेस याने हे पटवण्यासाठी १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची फळी लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या! ती आजही बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीचे लाकूड मग नगण्य ठरते का? तसेही नाही. महोगनी आणि शिसव यांच्या नादाच्या छटा निराळ्या असतात. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ साली जागतिक बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून परदेशातले नामांकित कारखाने आपल्या भारतीय शिसवीकडे वळले होते, हे ऐकून मला उगाचच अभिमान वाटला.

परंतु पूर्ण सलग लाकडाची गिटार वसईच्या पावसाळ्यात लाडावलेल्या लेकरासारखी सांभाळावी लागते. दमट हवेत फळी फुगते, तारा उंच होतात. ती पेटीतच ठेवावी, खाऱ्या वाऱ्याने तारा गंजू नयेत म्हणून वाजवून झाल्यावर फडक्याने पुसावी. तेव्हा ज्याच्याने एवढी उस्तवार होणार नाही त्याने, आणि गायकवृंदाच्या कपाटात राहणाऱ्या वाद्यासाठी, फळी सलग व पाठ-कडा प्लायच्या, हा मध्यममार्ग बरा. मुलीसाठी शेवटी अशीच एक लहान पेटीची, पातळ तारांची गिटार ठरली. कारागिराने तिच्या खाचा आमच्या देखत तासून दिल्या.

आणि तेव्हा आईने ती सहज मांडीवर घेतली. सत्तावीस वर्षांनंतर तिचे पहिले बोट पहिल्या घरावर आडवे पडले. एफ्! सहाही तारा बोलल्या. तिने पुन्हा एकदा छेडून पाहिले. मग माझ्याकडे न पाहताच ती हळूच म्हणाली, "फादर, दुखत नाही हो."

मला काही बोलता आले नाही. परतताना गाडीत मात्र मी तिची क्षमा मागितली. ती संकोचली. "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होते?" म्हणाली. खरे आहे, पण ठाऊक नसतानाही मी उपदेश केला होता, हेही तितकेच खरे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, पवित्र कार्याला साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले. पण त्याच्याही कितीतरी आधी, २४ डिसेंबर १८१८च्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावी योझेफ मोर नावाचा एक सहायक धर्मगुरू गिटार घेऊन उभा राहिला आणि फ्रान्झ ग्रूबरच्या साथीने त्याने 'सायलेंट नाइट' हे गीत प्रथम गायिले. दोन गळे आणि एक गिटार. तोही माझ्यासारखाच तरुण सहायक होता. फरक एवढाच, की त्याला आपले वाद्य ठाऊक होते.

वेदीवरून आणि कबुलीच्या खुर्चीत बसून मी किती जणांना "नेटाने कर, सवय होईल" असे सांगितले असेल! त्यांतल्या किती जणांची बोटे खरोखरच कच्ची होती, आणि किती जणांच्या हाती आम्हीच उंच तारांचे वाद्य दिले होते? आता कुणी "फादर, दुखते," असे म्हणाले, की उपदेशाआधी मी वाद्य मागून घेतो.

जुनी गिटार त्या कारागिराकडे दुरुस्तीला ठेवली होती. ती आता परत आली आहे. बुधवारच्या तालमीला मुलगी नवी घेऊन येते, आणि आई जुनी.