रविवारचा अर्धा तास

आईचा हात मोडला तो अगदी साध्या कारणाने. डोंबिवलीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालताना ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. सावरायला हात टेकला आणि मनगट गेलं. तेव्हा ती ५७ वर्षांची होती.

प्लास्टर झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पाळी कधी थांबली?" आई म्हणाली, "सत्तेचाळीसाव्या वर्षी." मला उगाच अवघडल्यासारखं झालं आणि मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. त्या दहा वर्षांत मी इंजिनिअर झालो, ठाण्याला नोकरीला लागलो. घरात एवढं काही घडून गेलं, हे मला माहीतच नव्हतं.

मग डेक्सा स्कॅन झाला. मणक्याचा टी-स्कोअर उणे २.८. तरुण, निरोगी हाडांशी केलेली ही तुलना असते. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली केली. आईने रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मी अंगठा दाखवला आणि विसरलो.

औषध होतं ॲलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व.

तीन महिन्यांनी एका रविवारी मी लवकर उठलो. आई ओट्यापाशी उभी होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या.

"अगं, ही चहाबरोबर घ्यायची असते का?"

"सगळं एकदमच घेऊन टाकते रे, म्हणजे विसरायला होत नाही."

डब्यातला घडी न मोडलेला कागद मी पहिल्यांदा उघडला. ही गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होऊ शकते. सगळं नीट पाळलं तरी औषधाचा एक टक्कासुद्धा रक्तात जात नाही. कॉफीबरोबर घेतलं तर त्यातलंही साधारण ६० टक्के कमी होतं. कॅल्शियम तर त्याला पोटातच धरून ठेवतं. म्हणजे तीन महिने आई बहुतेक नुसतेच पैसे गिळत होती.

"डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?"

"सांगत होते की. तू होतास ना तिथे, तुझ्या लक्षात असेल म्हटलं."

यावर मला काही बोलता आलं नाही.

रात्री मी वाचत बसलो. आपल्या शरीरात जुनं हाड मोडणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. मोडणाऱ्यांना इस्ट्रोजेन आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि मोडणं बांधण्याच्या पुढे जातं. ही गोळी मोडणाऱ्यांना थोपवते. आईला समजावलं तर म्हणाली, "पण मला काही वाटतच नाही रे त्या गोळीने. दुखत तर काहीच नाही."

तिचं बरोबर होतं. या औषधाचं यश म्हणजे काहीही न घडणं. आमचा सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही, तर तो सांभाळणाऱ्याला कोण विचारतं? आईचंही आयुष्यभर तेच झालं. डबा वेळेवर, शर्टाला इस्त्री, त्यामुळे कुणाला काही कळायचंच नाही.

खरी अडचण वेगळीच होती. "सकाळी अर्धा तास नुसतं बसायचं? मग चहा कोण टाकणार?" ती हसत म्हणाली, पण प्रश्न खरा होता. पंचवीस वर्षं तिने डोंबिवली-ठाणे लोकलने नोकरी केली. सकाळचा अर्धा तास तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

आता रविवारी सातला माझ्या फोनवर गजर होतो. मी तिला पाण्याचा ग्लास देतो. ती गॅलरीत खुर्चीवर ताठ बसते, पेपर वाचते, मधेच ओरडते, "आलं ठेचून घाल रे!" कॅल्शियम दुपारी, जेवणानंतर. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे साधारण पाच वर्षांनी ते थांबवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. दात काढायची वेळ आली तर आधी दंतवैद्याला या गोळीबद्दल सांगायचं, हे मी फोनमध्ये लिहून ठेवलंय.

साडेसातला मी चहा नेतो. पहिल्या रविवारी एक घोट घेऊन ती म्हणाली, "साखर कमी आहे." आणि मग, "बस जरा."