डोळा आणि दप्तर

बाबांचा कॅमकॉर्डर १९८५ साली निघालेल्या व्हिडिओ-८ जातीचा. त्याचा डोळा अजून शाबूत आहे, बिघडलंय ते पोट. कॅसेट घातली की फीत चावतो. दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, पार्ट मिळत नाहीत." सौ. म्हणाली, "मोबाइल आहे की!" पण बाबांचा हात मोबाइलवर बसत नाही. पट्ट्यात पंजा घातल्याशिवाय त्यांना चित्रण वाटतच नाही.

पूर्वी बँकेत एक जण नोटा मोजायचा, दुसरा नोंद करायचा. मी घरी तेच केलं. बघायचं काम कॅमेऱ्याकडे ठेवलं आणि दप्तरासाठी वेगळा रेकॉर्डर आणला. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. कॅमेरा मोनो, म्हणून लाल पिन बेकार. कारभार म्हटला की एक जण रिकामा असायचाच!

पथ्यं दोन. कॅमेऱ्यात कॅसेट ठेवायची नाही, नाहीतर काम नाही असं बघून तो पाचेक मिनिटांत झोपतो. आणि पडद्यावरची अक्षरं आधी घालवायची, नाहीतर तीही चित्रात उमटतात.

बाबांना हल्ली सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. परवा त्यांनी गच्चीवर पापड घालणाऱ्या आईला टिपलं. रात्री टीव्हीवर बघून म्हणाले, "झकास! कुणी घेतलं हो हे?"

"तुम्हीच," आई म्हणाली आणि तिनं वार, वेळ, पापडांची संख्या सगळं सांगितलं.

तिला पिनासुद्धा जोडाव्या लागत नाहीत.