सांडलं तर सांडू दे

चालायला लागलेल्या मुलाला घरातल्या प्रत्येक कामात लुडबुड करायची असते. पोळ्या लाटायला बसावं तर त्याला लाटणं हवं, केर काढावा तर केरसुणी. आपण घाईत असतो. "सांडशील! जा, तिकडे खेळ," म्हणून त्याला वाटेला लावतो. तेच मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की मात्र "हा इकडची काडी तिकडे करत नाही" अशी आपली तक्रार सुरू होते.

जर्मनीत लायप्झिगच्या एका संशोधनसंस्थेत फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी १८ महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केले. कपडे वाळत घालणाऱ्याच्या हातून चिमटा खाली पडे आणि तो उचलायला त्याचा हात पुरत नसे. बहुतेक मुलं न सांगता उठून चिमटा आणून देत. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी याच जोडीला आणखी एक गोष्ट आढळली. मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं बक्षीस बंद होताच मदतीला कमी येऊ लागली. नुसतं कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली मुलं मात्र येतच राहिली. "दुकानातून कोथिंबीर आण, पाच रुपये देते," हा आपला लाडका उपाय म्हणूनच अंगाशी येतो.

मदतीला बक्षीस लागत नाही, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी ओळखलं होतं. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं स्वतः करत. परोपकारावर वेगळी व्याख्यानं देण्याची गरजच नव्हती. आपण हात लावला नाही तर दुसऱ्याचं जेवण अडतं, हे पोरांना रोज दिसत होतं.

आमच्या इमारतीतल्या एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायचं काम समोरच्या घरातल्या पाचवीतल्या मुलीकडे आलं. आधी साबणाने हात धुवायचे, खालची पापणी अलगद ओढायची आणि "आजी, वर बघा" म्हणत एकच थेंब सोडायचा. पहिले काही थेंब गालावर ओघळले. आजी हसल्या, आईने बाटली हातातून काढून घेतली नाही. पुढे शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती पोर आजींचं दार वाजवू लागली. एरवी तिला अभ्यासाला बसवायला चार हाका माराव्या लागतात!

तिला जमलं, कारण काम खरं होतं, तिच्यावाचून अडणारं होतं आणि चुकायला मुभा होती. मुलांना मदतीची गोडी लावायला याहून वेगळं काही लागत नाही. तेव्हा उद्या पोरगं पाण्याचा तांब्या घेऊन पाहुण्यांकडे निघालं, तर त्याच्या हातून तो काढून घेऊ नका. सांडलं तर फडकंही त्यालाच आणू द्या.