निळे ठिपके

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत एके संध्याकाळी आण्णा सायकलच्या कॅरिअरला एक जडशीळ वस्तू बांधून घेऊन आले. फूटभर लांब, फूटभर रुंद, गंजून लाल झालेली बिडाची लादी! भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेली. आई म्हणाली, "आलं आणखी एक भंगार घरात!" आण्णा नुसते हसले.

आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर होते. ती लादी म्हणजे 'सरफेस प्लेट' होती. यंत्राचा एखादा भाग सपाट आहे की नाही, हे अशा प्लेटवर ठेवून पाहतात. म्हणजे प्लेटच वाकडी असेल, तर सगळंच वाकडं! आमच्या प्लेटवर तर कुणीतरी हातोड्याने ठोकाठोकी केली होती.

आधी आम्ही रॉकेलने गंज काढला. मग खड्ड्यांच्या कडेला वर आलेला धातू आण्णांनी बारीक दगडाने घासून काढला. खड्डे मात्र तसेच ठेवले.

"हे भरायचे नाहीत?" मी विचारलं.

"बारका खड्डा काय करतोय? वस्तू त्याच्यावरनं निघून जाते. उंचवटा असला की डुगडुगते बघ!"

मालकांना विचारून आण्णांनी कारखान्यातली एक चांगली प्लेट आठवडाभरासाठी आणली. तिच्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला. आमची प्लेट तिच्यावर पालथी घातली, हलकेच सरकवली आणि उचलली. जिथे उंचवटे, तिथे निळे डाग! तेवढेच डाग आण्णा स्क्रेपरने खरवडत. स्क्रेपर म्हणजे टोकाला धार लावलेली, कानशीसारखी पट्टी. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले चार-पाच भाग, एवढाच धातू एका खरवडीत निघतो. आपल्या डोक्याचा केस याच्या दहापट तरी जाड असतो! पुसायचं, रंग लावायचा, टेकवायचं, खरवडायचं. दर फेरीला खरवडण्याची दिशा बदलायची.

तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. रंग लावायचं काम माझ्याकडे होतं. मी तो भरपूर फासला. प्लेट उचलली, तर सगळी निळीशार! "आण्णा, झालं! सगळीकडे लागतंय!"

आण्णांनी रंगावर बोट फिरवून पाहिलं. काही न बोलता सगळा पुसला आणि पुन्हा पातळ लावला. या वेळी मधली तळहाताएवढी जागा कोरीच राहिली.

"रंग जास्त झाला की खोलगट जागासुद्धा निळी दिसते, पोरी. उद्या याच्यावर कुणी माप घेतलं असतं, तर त्यालाबी फसवलं असतं आपण."

मला रडूच आलं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रंग घेऊन बसले. आठवडा संपला तेव्हा प्लेटभर बारीक ठिपके उमटत होते. एका चौरस इंचात वीसेक तरी!

मग मला प्रश्न पडला. "आपली प्लेट कारखान्यातल्या प्लेटवरून केली. पण जगातली पहिली प्लेट कशावरून केली असेल?"

आण्णा म्हणाले, "तीन प्लेटा लागतात." त्यांनी माझे दोन तळवे एकमेकांवर ठेवले. एक फुगीर, एक खोलगट. छान बसले! दोन प्लेटांचंही तसंच होतं. सपाट नसतानाही त्या एकमेकींवर चपखल बसतात. पण फुगीर प्लेटवर बसणाऱ्या दोन प्लेटा खोलगट असणार. त्या दोघी समोरासमोर आल्या, की मध्ये पोकळी राहते आणि लबाडी उघडी पडते. तिन्ही प्लेटा आळीपाळीने, मधूनमधून काटकोनात फिरवून, एकमेकींवर जुळवत गेलं, की शेवटी तिन्ही सपाटच होतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज तंत्रज्ञाने सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत १८४० साली ग्लासगोमधल्या शास्त्रज्ञांच्या सभेत सांगितली होती, हे पुढे माझ्या वाचनात आलं.

ती प्लेट आज माझ्या घरी आहे. आता मी प्राथमिक शाळेत शिकवते. वह्यांचा ढीग तपासताना कधी कधी हात घाईने 'बरोबर'ची खूण करायला धावतो. तेव्हा ती निळीशार प्लेट डोळ्यांपुढे येते आणि मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचते.