घड्याळातला डबा

माझी ताई आजोबांच्या मनगटी घड्याळासाठी औषधांचं अ‍ॅप करतेय. घड्याळाचा पडदा तो केवढासा! म्हणून पहिल्या पडद्यावर नुसती औषधांची नावं. नावावर बोट टेकवलं, की दुसरा पडदा येतो: किती गोळ्या, जेवणाआधी की नंतर.

आता गंमत अशी, की आपण कुठल्या नावावर बोट टेकवलं हे दुसऱ्या पडद्याला आपोआप कळत नाही, बरं का! अ‍ॅपलचं घड्याळ २०१५ साली बाजारात आलं. त्याच्या वॉचकिटमध्ये पुढच्या पडद्याला ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणून एकच वस्तू देता येते. २०१९ साली स्विफ्टयूआय ही नवी पद्धत आली, पण आजोबांचं घड्याळ पडलं जुनं. असो. आपणही शाळेत डबा एकच नेतो, पण त्यात पोळी, भाजी, लोणचं मावतंच की!

ताई डब्यातून यादीतला क्रमांक पाठवणार होती. मी म्हटलं, “घेतलेलं औषध यादीतून जातं ना? मग तिसरं दुसरं होईल! रक्तदाबाच्या जागी साखरेची गोळी दिसली तर?” ती गप्पच झाली. साखर उतरून आजोबांना दरदरून घाम फुटलेला आम्ही दोघींनी पाहिलाय.

मग तिनं प्रत्येक औषधाला कायमचा नंबर दिला. हजेरीपटावरचा नव्हे, तो दरवर्षी बदलतो; जनरल रजिस्टरमधला असतो तसा.

आता अडलंय परतीचं. ‘घेतली’ हे बटण दुसऱ्या पडद्यावर, यादी पहिल्यावर! ताई म्हणते, डब्यात पहिल्या पडद्याचा पत्ताही ठेवू, म्हणजे दुसरा त्याला उलट कळवील. रविवारी करून बघणार आहोत, आजोबांनी घड्याळ काढून दिलं तर!