‘ळ’चा उच्चार आणि एक थांबलेला स्वयंसेवक

मातृभाषेतील शिक्षणाचा विषय निघाला की आपण पाठ्यपुस्तके, शिक्षकांच्या नेमणुका आणि शाळांची पटसंख्या यांवर तावातावाने बोलतो. संगणकाच्या पडद्यावर आपल्या मुलांना कोणती भाषा दिसते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. मीही ती उशिराच केली.

‘जीकॉम्प्री’ ही लहान मुलांसाठीची मुक्तस्रोत प्रणाली ब्रुनो कूदुआँ या फ्रेंच अभियंत्याने २००० साली सुरू केली. ‘मला समजले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तिचे नाव घडले आहे. अक्षरे, अंक, नकाशे, बुद्धिबळ असे शंभराहून अधिक खेळ तीत आहेत. पुढे ‘केडीई’ परिवारातील स्वयंसेवकांनी ती जवळजवळ नव्याने लिहिली. विंडोजवर सर्व खेळ खुले होण्यासाठी काही काळ अल्प शुल्क घेतले जाई. २०२० साली तेही बंद झाले. त्या शुल्कात मला कधी गैर वाटले नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूमागेही कुणाची तरी रात्र खर्ची पडलेली असते.

आमच्याकडे ती रात्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची होती. बेळगावात नोकरी सांभाळून त्याने या खेळांतील शेकडो ओळी मराठीत आणल्या. तीत प्रत्येक अक्षराचा उच्चार स्वतंत्र ध्वनिफितीत असतो आणि त्या फितीला अक्षराच्या युनिकोड क्रमांकाचे नाव द्यावे लागते. ‘ळ’चा क्रमांक ०९३३. तो उच्चार त्याने खानापूरकडच्या आपल्या मावशीकडून चार वेळा म्हणवून घेतला होता.

मग त्याचे काम थांबले. मूळ इंग्रजी ओळ बदलली की तिच्या भाषांतरावर ‘शंकास्पद’ अशी खूण पडते आणि माणसाने ते तपासेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसते. वर्षभरात आमच्या मुलांसमोर अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे कडबोळे उभे राहिले. मी रागानेच त्याला दूरध्वनी केला.

तो शांतपणे म्हणाला, “सर, कामाचा कंटाळा आला नव्हता. दोन वर्षांत तुमच्याकडून चुका कळवणारे सात निरोप आले. मुलं खेळतात का, त्यांना काय आवडतं, हे एकदाही कुणी सांगितलं नाही.”

सातही निरोप माझेच होते. कानडी सक्तीविरुद्ध निवेदने लिहिताना आमची लेखणी थकत नाही, आणि घरच्याच मुलाला दोन ओळींची पोच द्यायला आम्हाला सवड नव्हती!

आता दर रविवारी मी त्याच्यासोबत बसतो. तो तांत्रिक बाजू पाहतो, मी ओळी तपासतो आणि शाळेतील मुलांचे म्हणणे त्याला वाचून दाखवतो. मागच्या खेपेस ‘चित्र ओढा’ या सूचनेवर आम्ही अडलो. दुसरीतल्या एका मुलीने विचारले होते, “सर, चित्रात ओढा कुठाय? पाणीच दिसंना.” आम्ही तेथे ‘सरकवा’ केले. अजून एकशे चाळीस ओळी शिल्लक आहेत.