गंगाकांठची वही

नाशिकास जाण्याचें आमच्या घरीं ठरलें तें आईच्या अस्थींसाठीं. पुण्याहून नारायणगांव, संगमनेर, सिन्नर असा मार्ग. दोन मोटारींत माणसें नऊ, आणि मतें त्याहून एक अधिक. दिवस कोणता धरावा, उतरावें कोठें, त्र्यंबकेश्वरीं जावें कीं नाहीं, प्रत्येक गोष्टीचा खल झाला. एकत्र कुटुंबांत निवड करणें म्हणजे बहुधा थोरल्यांनीं ठरवावें व बाकीच्यांनीं ‘बरें’ म्हणावें, असाच प्रकार असतो. हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. आमच्याकडे सांप्रत ठरविणारे म्हणजे आमचे काका, अप्पा. वय पंच्याऐशी, आवाज मात्र तिशीचा.

नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात. ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वसमुद्राकडे निघालेली ही नदी रामकुंडाशीं दक्षिणेस वळते, आणि त्या वळणावरच अस्थी सोडण्याचा प्रघात आहे. येथें त्या पाण्यांत विरून जातात अशी श्रद्धा. घाटाचें आजचें रूप पाहून मन प्रसन्न होतें असें मात्र म्हणवत नाहीं. तळाला सिमेंट घातल्यामुळें कुंडाचे जिवंत झरे बुजले ही तेथील लोकांची जुनी तक्रार, आणि 2016 च्या उन्हाळ्यांत तर कुंड कोरडें पडलें होतें. पावसाळ्यांत उलटा प्रकार: दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढलें ह्यावरून गांव पुराचें माप घेतें. आम्ही गेलों तेव्हां मार्गशीर्षाचें शांत पाणी होतें. विधि तासाभरांत आटोपला. ताई शेवटच्या पायरीवर उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं.

दुपारीं उपाध्यायांच्या वाड्यांत वह्या निघाल्या. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. आडनांव व मूळ गांव सांगावें, आणि गुरुजींनीं फडक्यांत गुंडाळलेलें बाड सोडून आपले पणजोबा आपल्यापुढें ठेवावे! जुनीं पानें मोडींत. तीं आमच्यापैकीं कोणासच वाचतां येईनात. बाळबोध लिपींतलें पहिलें पान आमच्या आजोबांच्या हातचें निघालें. अप्पा त्यांना नाना म्हणत. फाल्गुन वद्य, शके 1851. वडिलांच्या अस्थी घेऊन आलों, विधि यथासांग झाला, काळारामाचें दर्शन मात्र घडलें नाहीं, असा मजकूर. कां घडलें नाहीं, ह्याविषयीं एक अक्षर नाहीं.

कारण शोधावयास लांब जावें लागत नाहीं. शके 1851 चा फाल्गुन म्हणजे मार्च 1930. त्या महिन्याच्या 2 तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं निघालेली अस्पृश्यांची मिरवणूक काळारामाच्या मंदिराशीं आली, तेव्हां सारे दरवाजे बंद होते. मिरवणूक वळून गोदावरीच्या घाटावर गेली व तेथें सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांशीं सत्याग्रही बसले. त्यांत स्त्रियाहि होत्या. मंदिर सुमारें महिनाभर बंदच राहिलें. पुढें एप्रिलांत रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनीं हा लढा पुढेंहि नेटानें चालविला, पण दार उघडलें नाहीं. 13 ऑक्टोबर 1935 रोजीं ह्याच जिल्ह्यांतील येवल्यास बाबासाहेबांनीं धर्मांतराची घोषणा केली. मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा आला तो 1947 सालीं.

आमचे आजोबा शाळामास्तर, वर्तमानपत्राचे नेमके वाचक. मुलींना शिकविलें म्हणून भाऊबंदांनीं त्यांना नांवें ठेवलीं, हें आम्ही घरांत अभिमानानें सांगत आलों. ज्या घाटावर ती सभा झाली त्याच घाटावर थोड्याच दिवसांनीं ते बसले होते. दरवाजांशीं बसलेलीं माणसें त्यांच्या दृष्टीस पडलीं नसतील हें संभवत नाहीं. ते विरोधक होते असें मानावयास आधार नाहीं, अनुकूल होते असें म्हणावयास तर मुळींच नाहीं. दर्शन हुकल्याची त्यांनीं नोंद केली, माणसांची केली नाहीं. काय गाळावें हें त्यांनीं लेखणी हातांत असतां ठरविलें. आपण कांहीं ठरवीत आहों असें त्यांना कदाचित् वाटलेंहि नसेल.

गुरुजींनीं कोरें पान उघडून लेखणी आमच्या हातीं दिली. अप्पा सांगूं लागले: आईचें नांव, मग आम्हां भावांचीं, सुनांचीं, नातवांचीं. ताईचें आलें नाहीं.

शेवटचीं अकरा वर्षें आई ताईकडे होती. तेंहि कोणीं बसून ठरविलें नव्हतें. दुखण्यांतून उठल्यावर हवापालटास म्हणून ती आठ दिवस गेली, आणि परत आणण्याचा दिवस आम्हीं पुढें ढकलीत नेला: कधीं घराची रंगरंगोटी, कधीं मुलांची परीक्षा. रविवारीं फळें घेऊन आम्ही जात असूं.

“आणि ताईचें?” आम्हीं विचारलें.

“तिचें तिच्या सासरच्या वहींत येईल. ही नामावळ आपल्या कुळाची,” अप्पा म्हणाले. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. आडनांवावरून शोधावयाच्या वहींत दुसरें आडनांव शिरलें कीं घोटाळा होतो.

“राहूं दे रे,” ताई म्हणाली. “पुढें कोण वाचणार आहे?”

आम्हीं गुरुजींकडे पाहिलें. “लिहिणार यजमान. आमचें काम राखण्याचें.”

आम्हीं ताईचें नांव सासरच्या आडनांवासह लिहिलें. आणि त्यापुढें, आईची अकरा वर्षें सेवा हिनें केली, एवढें वाक्य घातलें. आम्हीं केली नाहीं, हें लिहिण्याचें धैर्य झालें नाहीं; तेवढें आम्हींहि गाळलेंच. अप्पांनीं पान वाचलें, चष्मा काढून पुसला, आणि कांहीं न बोलतां सही केली.

मग भांडीबाजार. एका तांब्याच्या गडूसाठीं आमच्या मंडळींनीं पाऊण तास घेतला. आईच्या अकरा वर्षांस आम्हीं तेवढाहि वेळ दिला नव्हता.

दिवेलागणीस काळारामास गेलों. पेशवाईंतील सरदार रंगराव ओढेकरांनीं बांधविलेलें काळ्या पाषाणाचें भव्य मंदिर. माणसें सहज आंतबाहेर करीत होतीं. पूर्वेच्या दरवाजाशीं अप्पा थांबले.

“नाना कोणत्या दरवाजावरून परत फिरले असतील रे?”

आम्हांस सांगतां येईना. ताईनें त्यांचा हात धरला, आणि आम्ही आंत गेलों.